आमची वाटचाल : झाकण अंदाजपत्रकात घडतं

गटारावरचं झाकण हा आमचा धंदा. मॅनहोलची आणि चेंबरची काँक्रीटची झाकणं, त्यांच्या फ्रेम, पावसाळी गटारांच्या जाळ्या, आणि मागणी आली तर पेव्हर ब्लॉक. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, 1996 मध्ये भांडुपला भाड्याच्या जागेत सुरुवात केली तेव्हा गिऱ्हाईक होतं ते हाउसिंग सोसायट्या आणि लहान बिल्डर. बिडाच्या झाकणाला भंगारात भाव येतो, म्हणून ती रातोरात उचलली जायची. काँक्रीटचं झाकण चोरून कोणाला काही मिळत नाही, एवढ्या एका गोष्टीवर अण्णांनी धंदा उभा केला. सिव्हिलचा डिप्लोमा झालेली मी 2008 मध्ये कामात आले.

मुंबई महानगरपालिकेत आमचा माल जातो तो मोठ्या कंत्राटदारांमार्फत. तिथल्या निविदांना लागणारी उलाढाल आमच्याकडे नव्हती, आजही नाही. आम्ही स्वतःच्या नावावर निविदा भरायला लागलो त्या ठाणे, रायगड, पालघरकडच्या नगरपरिषदांत. महापालिका आणि नगरपरिषद यांत फरक नुसता आकाराचा नाही. नगरपरिषदेचा कारभार 1965 च्या नगरपरिषद अधिनियमावर चालतो, प्रशासन मुख्याधिकाऱ्यांच्या हाती असतं, आणि बांधकाम विभाग म्हणजे बऱ्याच ठिकाणी एक नगर अभियंता आणि हाताखाली एक-दोन कनिष्ठ अभियंते. रस्ते, गटारं, शाळेचं छप्पर, स्मशानभूमीची शेड, सगळं त्यांच्याच टेबलावर. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. एवढ्या कामांत झाकणाच्या बाबीवर किती वेळ मिळणार?

आणि सगळं तिथेच ठरतं. लोकांना वाटतं की निविदा उघडली, सर्वांत कमी दर कोणाचा ते कळलं, की खरेदी झाली. प्रत्यक्षात खरेदी त्याच्या कितीतरी आधी होते, अंदाजपत्रक लिहिताना. दरसूचीतून, म्हणजे सरकारी दरांच्या यादीतून, बाब उचलायची, परिमाण टाकायचं, रक्कम काढायची, मग तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, आणि त्यानंतर निविदा. अंदाजपत्रकात नुसतं ‘आरसीसी झाकण पुरवणे व बसवणे’ एवढंच असेल, तर पुढे कोणीही काहीही पुरवू शकतो आणि ते नियमातच बसतं.

मॅनहोलच्या प्रीकास्ट काँक्रीट झाकणांसाठी आयएस 12592 हे मानक आहे. त्यात भार पेलण्याच्या चार प्रती, म्हणजे दर्जे, आहेत: एलडी 2.5 (हलक्या वापराची), एमडी 10 (मध्यम), एचडी 20 (जड) आणि ईएचडी 35 (अतिजड). आकडा भाराच्या टनांचा. फुटपाथच्या किंवा सोसायटीच्या आतल्या चेंबरला एलडी चालतं. डंपर आणि एसटी जाणाऱ्या रस्त्याला एचडी 20 च्या खाली जाऊच नये. वरून दोन्ही झाकणं सारखीच गोल, सारखीच राखाडी. फरक जाडीत, आतल्या सळईत आणि काँक्रीटच्या प्रतीत, म्हणजे पैशात. अडीच टनांचं झाकण बाजारच्या रस्त्यावर बसवलं तर पहिल्या पावसाळ्यात त्याला तडा जातो, दुसऱ्यात त्याचा तुकडा आत पडतो. मग कोणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून ठेवतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईत उघड्या मॅनहोलमध्ये पडून डॉ. दीपक अमरापूरकर यांचा जीव गेला, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हापासून आमच्याकडे प्रत आणि ओतल्याची तारीख न उमटवता एकही झाकण यार्डाबाहेर जात नाही.

म्हणून आम्ही एक सवय लावून घेतली. निविदा निघाल्यावर नव्हे, तर वर्षाची कामं ठरत असताना अभियंत्यांना भेटायचं आणि मानकाची माहिती द्यायची: कुठल्या रस्त्याला कुठली प्रत, फ्रेम कशी, चाचणी कोणती मागायची. आमच्या कंपनीचं नाव किंवा आमचाच एखादा खास आकार अंदाजपत्रकात घाला, असं आम्ही कधीही सुचवत नाही. मानक सगळ्यांसाठी खुलं आहे, आमचे प्रतिस्पर्धीही त्यावर दर भरू शकतात, आणि भरतात. एका नगरपरिषदेत आम्ही दिलेल्या माहितीवरून बाब नीट लिहिली गेली आणि काम दुसऱ्याला गेलं. झाकणं चांगली बसली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

निविदेचं तंत्र आता सगळ्यांना पाठ आहे. राज्य सरकारचं महाटेंडर्स पोर्टल, डिजिटल सही, बयाणा रक्कम, दोन लिफाफे. तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरलं तरच दराचा लिफाफा उघडतो. लघुउद्योगांच्या ‘उद्यम’ नोंदणीच्या सवलती मालाच्या खरेदीत उपयोगी पडतात. बांधकामाच्या निविदेत त्या गृहीत धरू नयेत, नव्याने येणाऱ्यांची इथे गल्लत होते. खरी परीक्षा ‘बिलो’ची, म्हणजे अंदाजपत्रकाच्या रकमेखाली दर भरण्याची. वीस-पंचवीस टक्के खाली जाऊन काम घेणारे भेटतात. एवढ्या खाली गेलं की जादा सुरक्षा ठेव भरावी लागते, पण तेवढ्याने हा प्रकार थांबत नाही. आम्ही आमच्या दराखाली जात नाही, कारण सिमेंट आणि सळई आम्हालाही बाजारभावानेच मिळते. यामुळे बरीच कामं हातची जातात, हे खरं.

काम मिळाल्यावर सगळी मदार मोजमाप पुस्तिकेवर, आमच्या भाषेत ‘एमबी’वर. कनिष्ठ अभियंता टेप घेऊन रस्त्याने फिरतो, सोबत आमचा फोरमन. एका झाकणावर भाजीचा टेम्पो उभा असतो, ड्रायव्हर चहाला गेलेला. टेम्पो हलेपर्यंत दोघेही थांबतात, कारण जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते एमबीत चढत नाही. एमबीत चढलं नाही त्याचं बिल निघत नाही. बिलातून आयकर जातो, जीएसटीचे 2 टक्के टीडीएस, कामगार उपकराचा 1 टक्का, शिवाय सुरक्षा ठेव. ही ठेव दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामाच्या हमीची मुदत, संपल्यावर परत मिळते. जुलै 2022 मध्ये कामांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला तेव्हा चालू कामांतला फरक कोणी सोसायचा यावर आम्हाला बरीच पत्रं लिहावी लागली.

पैसे वेळेवर मिळतात का, असं आम्हाला नेहमी विचारतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असं कायदा सांगतो. नगरपरिषदेत मात्र निधी जमा होईल तेव्हा बिल निघतं. म्हणून दर भरण्याआधी माझा पहिला प्रश्न असतो, काम कुठल्या लेखाशीर्षातलं, म्हणजे कुठल्या निधीतलं आहे? वित्त आयोगाचा बंधित निधी स्वच्छता आणि पाण्यासाठी बांधलेला असतो. तो आलेला असेल तर मी निर्धास्त असते. नगरपरिषदेच्या स्वनिधीतलं काम असेल, तर मालमत्ता कराची वसुली कशी आहे ते आधी बघते. एका ठिकाणी आमचं अंतिम बिल दोन मार्चअखेर उलटून गेल्यावर निघालं. त्या काळात कामगारांचे पगार अण्णांनी मुदत ठेव मोडून दिले. त्यानंतर एका वेळी एकाच नगरपरिषदेत फार पैसे अडकतील असं काम घ्यायचं नाही, हे घरात ठरलं.

निवडून आलेली मंडळी नसताना, प्रशासकांच्या काळात, फायली लवकर सरकल्या हे मी नाकारत नाही. पण प्रभागातलं फुटलेलं झाकण फोन करून सांगणारा नगरसेवक तेव्हा नव्हता. आम्हाला तक्रारी उशिरा कळायच्या. हमीच्या मुदतीतलं झाकण आम्ही विनामूल्य बदलतो, पण ते फुटलंय हे आधी कळायला हवं.

यार्ड आता शिळफाट्याच्या पुढे हलवलं आहे, भांडुपला फक्त ऑफिस. चाचणीचा हायड्रॉलिक जॅक आम्ही स्वतःचा घेतला. प्रत्येक बॅचमधलं एक झाकण 28 दिवसांनी फ्रेमवर ठेवतो, मधोमध लोखंडी ठोकळा, आणि एचडी असेल तर काटा हळूहळू 20 टनांवर नेतो. कोणत्याही नगरपरिषदेच्या अभियंत्याने आपल्या खेपेतलं कुठलंही झाकण स्वतः निवडावं आणि समोर दाबून घ्यावं. शनिवारी चाचण्या चालतात. नगरसेवक आणि नागरिक आले तरी स्वागत आहे, फक्त आदल्या दिवशी ऑफिसला कळवा.