झोपेत दात खातो म्हणून आणलेला पोरगा

"रातभर दात खातंय बघा पोरगं. दोनदा जंताचं औषध दिलं, तरी करकर थांबंना." माझ्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीपाशी पोचायच्या आधीच आजींनी सांगून टाकलं. पोरगा सव्वाचार वर्षांचा, आईच्या ओढणीआड लपलेला.

दात खातो म्हणजे पोटात जंत, हे आमच्या कोरेगावात घरोघरी पक्कं आहे. औषधवालेही काही न विचारता अल्बेंडाझोल ही जंताची गोळी काढून देतात, त्याचा मला संताप येतो. अंगणवाडीत ठरलेल्या दिवशी मिळणारी गोळी जरूर द्यावी, पण जंतांमुळे पोरं दात खातात याला भक्कम पुरावा नाही.

कापसाने सुळे कोरडे केले आणि दिवा तिरका धरला; ओल्या दातावर झीज नीट दिसत नाही. वरच्या सुळ्याचं टोक गेलेलं, तिथे काचेसारखी चकाकणारी सपाट जागा. खालच्या सुळ्यावरही तशीच. "वाघासारखं तोंड वाकडं कर बघू," म्हटल्यावर त्याने जबडा सरकवला आणि दोन्ही जागा एकमेकींवर बरोबर बसल्या. जेवताना कोणी असे टोकाला टोक लावून चावत नाही. दुधाच्या दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, जेमतेम एक मिलिमीटर, पण आतलं पिवळं डेंटिन अजून उघडं पडलं नव्हतं आणि ठणकाही नव्हता. आधीच्या एका दवाखान्यात रात्री दातांवर घालायची प्लेट सुचवली होती म्हणे. जबडा वाढत असताना, चार वर्षांच्या पोराला प्लेट! मला हे अजिबात पटत नाही.

"काळजी करू नका, वय वाढलं की जातं," हे नेहमीचं वाक्य मी बोलून मोकळी झाले. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरंच असतं. केसपेपर लिहिताना सहज वर पाहिलं, तर पोरगा तोंड उघडं टाकून बसलेला, ओठ सुकून फुटलेले.

"घोरतो का हो हा?"

आई हसली. "बापासारखा. मान मागं टाकून झोपतो, घामानं उशी भिजते."

छाती-पोट उघडं ठेवून, झोपलेला असताना व्हिडिओ काढा म्हटलं. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. आधी घोरणं, मग एकदम शांतता. पोट वर येतंय, छाती आत ओढली जातेय, पण श्वासाचा आवाज नाही. मग हुंदक्यासारखा श्वास, अंगाला हिसका, आणि लगेच करकर. पाच मिनिटांत तीनदा हेच.

झोपेत श्वास अडत होता. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. टॉन्सिल एकमेकांना टेकायला आलेले, एक्स-रेत ॲडेनॉइडने, म्हणजे नाकामागच्या टॉन्सिलसारख्या गाठीने, नाकामागची वाट जवळजवळ बुजवलेली. साताऱ्याला ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी आले तेव्हा घोरणं थांबलं होतं. दात मात्र अजून अधूनमधून खातो, आधीपेक्षा कमी. म्हणजे सगळी करकर श्वासामुळेच होती, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

पण त्या दिवशी त्याचं तोंड मिटलेलं असतं तर मी विचारलंच नसतं, हे डोक्यातून जात नाही. परवा रविवारी जुने केसपेपर काढले. "दात खातो. समजावले." असं माझ्याच अक्षरात अकरा ठिकाणी, घोरण्याबद्दल एका शब्दानेही नाही. फोन लावले, चार लागले. एक आई म्हणाली, "हो, घोरते की. त्याचं काय?"

गुरुवारी तिला बोलावलंय. येताना व्हिडिओ घेऊन या म्हटलंय.