मोशीचं सियाट: पार्ट बनवणाऱ्यांनी का जावं आणि कसं जावं

२३ ते २५ जानेवारी २०२४ ला पुण्याजवळ मोशीच्या एक्झिबिशन सेंटरला सियाट झालं, म्हणजे एआरएआयचं (गाड्यांची तपासणी आणि संशोधन करणारी पुण्याची संस्था) सिम्पोझियम ऑन इंटरनॅशनल ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी. मी नाशिकच्या अंबडमधल्या एका प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून-कापून पार्ट बनवतात तिथे) डाय, म्हणजे त्यासाठीचे साचे, डिझाईन करण्याचं काम बघते, आणि परत आल्यापासून अंबड-सातपूरमधले ओळखीचे सगळे एकच विचारतायत, की अगं ते पेपर वाचणाऱ्यांचं, पीएचडीवाल्यांचं असतं ना, आपण ब्रॅकेट ठोकणारी माणसं, आपलं तिथे काय काम. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. मला तर वाटतं आपल्यासारख्यांनी आधी जावं, कारण गाडीत काय बदलणार ते आपल्याला ड्रॉइंग हातात पडल्यावर कळतं, तोवर मशीन, टनेज, टूल रूम सगळं जुन्या हिशोबाने घेऊन झालेलं असतं.

पहिलं म्हणजे कोथरूडला जाऊ नका. एआरएआयचं ऑफिस तिथे टेकडीवर आहे, पण हा कार्यक्रम मोशीला, पुणे-नाशिक हायवेवर होता. नाशिककरांना तर एकदम सोपं, पुण्याची एसटी संगमनेर, नारायणगाव, राजगुरुनगर, चाकण करत मोशीवरूनच जाते, पुण्यात शिरायची गरजच नाही. कंडक्टरला बसतानाच विचारून ठेवा मोशीला थांबवणार का, नाहीतर भोसरीला उतरून रिक्षाने मागे या. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ते शिवाई या इलेक्ट्रिक बसलाही चालतं, त्यामुळे आमचं भाडं फारच कमी लागलं. वेळ साधारण पाच तास धरा, त्यात चाकणचा चौक किती खाईल ते त्या दिवसावर. पुणे स्टेशनवर उतरणाऱ्यांनी मेट्रोने सिव्हिल कोर्टला बदलून नाशिक फाट्यापर्यंत यावं आणि पुढे रिक्षा किंवा पीएमपीची बस बघावी, शहरातून थेट कॅबने यायचं म्हटलं तर सकाळचा वेळ रस्त्यातच जातो.

२२ तारखेला अयोध्येच्या सोहळ्यामुळे राज्यात सुट्टी होती म्हणून मी आदल्या दिवशीच निघून भोसरीत राहिले, आणि ते फार बरं झालं. २४ ला मराठा आरक्षणाचा मनोज जरांगेंचा मोर्चा पुण्यातून पिंपरी-चिंचवडमार्गे लोणावळ्याकडे चालला होता, रस्ते वळवलेले, शहरात राहिलेल्या लोकांची त्या दिवशी खूप ओढाताण झाली. राहायला भोसरी, पिंपरी, चिंचवड, चाकण यातलं काहीही चालेल, पण हायवेच्या जवळ बघा.

आता मुख्य विषय. तिथे एकाच वेळी वेगवेगळ्या हॉलमध्ये पेपर चालू असतात आणि बाजूला एक्स्पो असतो, स्टॉल, मशीन, कापलेले इंजिन-मोटरचे मॉडेल वगैरे. हायड्रोजन इंजिन, फ्लेक्स फ्युएल, एडास (ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा), बॅटरी सेफ्टी, सगळं ऐकायला छान वाटतं पण सगळ्याच्या मागे धावलात तर हातात काही राहणार नाही. मी ठरवून दोनच गोष्टी धरल्या, मोटरचं लॅमिनेशन आणि हाय स्ट्रेंथ स्टील, कारण आमच्या शॉपला यातलं एक येणार आहे आणि दुसरं आलेलंच आहे.

लॅमिनेशनचं सांगते, कारण इलेक्ट्रिक गाडीत सायलेन्सरचे, इंजिन माउंटिंगचे, फ्युएल टँकचे पार्ट जाणार म्हणून प्रेस शॉपवाले घाबरलेत, पण मोटर ही सुद्धा शेवटी स्टॅम्पिंगच आहे. मोटरचा स्थिर भाग स्टेटर आणि फिरणारा भाग रोटर, दोन्ही म्हणजे सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्यांची चळत, तो एकेक पत्रा म्हणजे लॅमिनेशन. पत्रा पातळ का, तर एडी करंटचा (पत्र्यातच गोल फिरून वाया जाणाऱ्या विजेचा) लॉस जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ०.३५ मिमीच्या जागी ०.२५ घेतला तर तो लॉस जवळपास निम्मा होतो. आणि गाडीच्या मोटरला हे एवढं महत्त्वाचं का, तर घरच्या पंपाची मोटर ५० हर्ट्झवर चालते, पण आठ पोलची गाडीची मोटर १२,००० आरपीएमला फिरली की फ्रिक्वेन्सी ८०० हर्ट्झ होते. हे गणित मी कागदावर मांडलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की कस्टमर बरबद्दल, म्हणजे कापलेल्या कडेला राहणाऱ्या धारदार कंगोऱ्याबद्दल, एवढा आग्रह का धरतो. बर आली की शेजारच्या दोन पत्र्यांमधलं इन्सुलेशन तुटतं, ते एकमेकांना टेकतात आणि पातळ पत्रा घेण्याचा फायदाच जातो. बरं, नुसती बर काढून पण भागत नाही, कारण कापताना कडेचं मटेरियल दबतं आणि तिथले मॅग्नेटिक गुण बिघडतात, म्हणजे पंचाची धार हा सरळ मोटरच्या एफिशियन्सीचा विषय झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर ०.३५ च्या पत्र्याला एका बाजूला ५ टक्के क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) धरला तर तो होतो साधारण १७ मायक्रॉन, आणि तो लाखो स्ट्रोक टिकवायचा. ब्रॅकेटच्या डायला जे गाईड पिलर चालतात, जी प्रेस चालते, ती इथे चालत नाही, कार्बाईडचं टूल लागतं, प्रेसच्या रॅमचं अलाइनमेंट लागतं. यात उतरायचं असेल त्यांनी एक्स्पोमध्ये टूलिंगवाल्यांच्या स्टॉलवर अर्धा दिवस घालवा, लॅमिनेशन हातात घेऊन कडेवरून नखं फिरवून बघा, भिंग मागा, देतात.

एका स्टॉलवर मी विचारलं की आमच्याकडे १०० टनी मेकॅनिकल प्रेस आहे, त्यावर सुरुवात करता येईल का. त्या माणसाने ब्रोशर बाजूला ठेवून खुर्ची दिली आणि आधी बेड किती, एसपीएम (मिनिटाला स्ट्रोक) किती, पत्रा कॉइलमध्ये घेता का शीटमध्ये, असं सगळं विचारून मग सांगितलं की पूर्ण लॅमिनेशन सोडा, आधी बसबारपासून बघा, तांब्या-ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बॅटरी पॅकमध्ये भरपूर लागतात. असा सल्ला फोनवर कोणी देत नाही हो, समोर बसल्यावरच मिळतो, आणि तोही आपल्या मशीनचे आकडे तोंडपाठ असतील तरच.

दुसरं हाय स्ट्रेंथ स्टील. भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना टक्कर चाचणीवरून स्टार देणारी योजना, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि डिसेंबरमध्ये हॅरियर-सफारीचे पहिले रिझल्ट ५ स्टारचे आले, त्यामुळे क्रॅशचा विषय जिथे तिथे निघत होता. समोरून ऑफसेट टक्कर ६४ किमी वेगाने, बाजूने ५०, आणि खांबावर बाजूने २९. साध्या, ओढून आकार देण्याच्या पत्र्याची टेन्साइल (ताणून तुटेपर्यंतची ताकद) २७०-३५० मेगापास्कलच्या आसपास असते, आणि बी पिलरसाठी (पुढच्या-मागच्या दारांमधला खांब) जे हॉट स्टॅम्पिंग करतात त्यात बोरॉन स्टील ९०० डिग्रीच्या वर तापवून डायमध्येच थंड करतात आणि त्याची टेन्साइल १५०० मेगापास्कलपर्यंत जाते. ते आपल्या आवाक्यातलं काम नाही, पण त्याच्या आजूबाजूची रीइन्फोर्समेंट, ब्रॅकेट ही डीपी ५९०, ७८० या जास्त ताकदीच्या स्टीलमध्ये येतायत आणि तिथे स्प्रिंगबॅक, म्हणजे दाबलेला पत्रा सुटल्यावर थोडा परत उलटणं, सगळ्यांना रडवतोय. सिम्युलेशनवाल्यांचं म्हणणं ऐकून माझं एक मत पक्कं झालं, ट्रायल घेऊन डाय घासत बसण्याचे दिवस या मटेरियलला परवडणार नाहीत, स्प्रिंगबॅकची भरपाई डिझाईनमध्येच करावी लागणार. आमच्या टूल रूममधले काका, ज्यांचा हात अक्षरशः सोन्याचा आहे, त्यांनाही पुढच्या वेळी घेऊन जायचं मी साहेबांकडून कबूल करून घेतलंय, कारण ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकणं आणि तिथे नमुना बघून ऐकणं यात फरक पडतो.

बाकीचं भराभर. एमिशनवाल्यांसाठी आरडीई (प्रत्यक्ष रस्त्यावरचा धूर मोजणं) हा विषय, कारण एप्रिल २०२३ पासून गाडी रस्त्यावर चालवून मोजणं लागू झालंय. बॅटरीवाल्यांनी एआयएस १५६ आणि ०३८ ही इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षेची मानकं आधी वाचून जावं, नाहीतर चर्चा डोक्यावरून जाते. हायड्रोजनच्या पेपरला गर्दी खूप, पण छोट्या व्हेंडरला लगेच उपयोग नाही असं माझं मत.

जाताना काय करायचं, तर प्रोग्रॅम आला की पेपरची नावं वाचून आपले सात-आठ निवडा, हॉल आणि वेळ कागदावर लिहून ठेवा, आणि पेपर संपल्यावर वाचणाऱ्याला बाहेर गाठा, हॉलमधल्या प्रश्नोत्तरांना वेळ फार थोडा असतो. स्लाईडचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पेपर एसएई या ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सच्या संस्थेकडे छापले जातात, २०२४-२६ ने सुरू होणारे नंबर म्हणजे याच सियाटचे, २०१९ आणि २०२१ चे पण तसेच सापडतात, त्यामुळे नंबर टिपून आणला तरी नंतर मागवता येतो. आपल्या पार्टचे फोटो न्यायचे असतील तर कस्टमरचं ड्रॉइंग, लोगो त्यात दिसणार नाही एवढं बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लगेच लिहा हा माणूस कशाबद्दल बोलला, हॉटेलवर गेल्यावर सगळी कार्डं सारखीच दिसतात. बूट आरामाचे घाला, सकाळी मोशीला चांगलीच थंडी असते आणि दुपारी ऊन लागतं. कॉलेजच्या मुलांनी पण या, ऑटोमोबाईलवालेच नाही, मेटलर्जी, इलेक्ट्रिकल सगळ्यांना काम आहे.

स्टॉल बघायचे असतील तर पहिले दोन दिवस, शेवटच्या दिवशी जेवणानंतर बरेच जण आवरायला लागतात. आणि नाशिककडे परतायचं तर चारच्या आत मोशी सोडा किंवा मग रात्री आठनंतर निघा, मधल्या वेळात चाकणच्या कंपन्यांच्या बसेस सुटतात आणि एसटी जागची हलत नाही.