टाकीवर रंग चढण्याआधी

आज जोडलेली मोटरसायकल पुन्हा सुटी. रंगाआधी सगळं एकदा जोडून बघायचं: चाकं, हँडल, सीट, सायलेन्सर, वायरिंगसुद्धा. हँडल टोकापर्यंत वळवल्यावर टाकीला लागतं का, चेन टायरला घासते का, हे तेव्हाच कळतं. रंगलेल्या फ्रेमवर एक ब्रॅकेट वेल्ड करायचा राहिला की सगळं पहिल्यापासून.

फ्रेमला पावडर कोटिंग, टाकीला स्प्रे गनचा रंग, ही वाटणी बरी. पावडर साधारण 180 ते 200 अंशांवर भाजतात. साधी लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, त्या भट्टीत टिकत नाही. कोटिंगला देताना आटे, हेडस्टॉकच्या (हँडल जिथे फिरतं त्या फ्रेमच्या नळीच्या) बेअरिंगची घरं आणि अर्थिंगची जागा झाकायची. अर्थिंगवर रंग बसला की दिवे मंद होतात, स्टार्टर कण्हतो आणि लोक बॅटरी बदलत बसतात.

टाकीला पोचा असेल तर आधी पत्रा ठोकून सरळ करायचा, लांबी नंतर, तीही 3 मिमीच्या आतच. लांबी कडक करणारा हार्डनर वजनाने साधारण 2 टक्के. घाईने जास्त घातला तर पिवळट डाग रंगातून वर येतो, आणि दोष मात्र रंगाला. 80, मग 180, मग 320 चा पेपर, ब्लॉकवर लावून; नुसत्या बोटांनी घासलं की चर पडतात. मध्येच काळ्या रंगाचा हलका फवारा मारून पुन्हा ब्लॉक फिरवावा: काळं उरेल तिथे खड्डा. उघड्या लांबीवर पाणी नको, ती पाणी पिते. प्रायमर चढला, सुकला की 600 चा वॉटर पेपर.

कँडी रंग सर्वांत लहरी. खाली चंदेरी बेस, वर पारदर्शक रंग. प्रत्येक हाताला छटा गडद होते. म्हणून टाकी, मडगार्ड, साइड पॅनेल एकाच बैठकीत, तेवढेच हात, तेवढंच अंतर. मडगार्ड दुसऱ्या दिवशी मारलं तर ते वेगळ्या गाडीचं दिसतं. आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून हात मोजून ठेवावेत.

सगळ्यात वर क्लिअरचे, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थराचे, दोन-तीन हात. मागचा हात पुरता न वाळता पुढचा दिला की थिनर आत कोंडतो आणि बारीक फोड येतात. खळगे पडले तर सिलिकॉन: पॉलिशचा किंवा स्प्रेचा अंश पत्र्यावर राहिलेला. टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. धुळीचा मास्क तिथे कुचकामी, बाहेरची हवा पुरवणाराच हवा.

टाकीच्या झाकणाची कड मात्र सगळेच विसरतात. क्लिअर तोंडाच्या आत वळवून घ्यायचं, नाहीतर सांडलेलं पेट्रोल कडेखाली शिरतं आणि रंग तिथूनच सुटू लागतो. क्लिअर पूर्ण कडक होईपर्यंत टाकी कोरडीच.