ओट्यावरचा बोका

घरात मांजर आहे आणि ओटाही आहे, म्हणजे मांजर ओट्यावर जाणार. यात उद्धटपणा नाही, आपल्या अधिकाराला आव्हान तर अजिबातच नाही, कारण आपल्याला काही अधिकार आहे हे मुळात त्याच्या गावीही नसतं. त्याला उंची हवी असते. मांजर शिकारी खरं, पण अंगापिंडाने इतकं लहान की ते स्वतःही कुणाची तरी शिकार होऊ शकतं. तेव्हा वर बसून खालचं सगळं नजरेखाली ठेवायचं, हे त्याच्या रक्तातच आहे. शिवाय ओट्यावर ऊब असते. आपण पंखा लावून बसतो तेव्हाही मांजर ऊन शोधत हिंडतं, कारण त्याच्या शरीराला सुखाचं वाटणारं तापमान साधारण ३० ते ३८ अंश सेल्सियसच्या पट्ट्यात येतं. नुकतीच बंद केलेली शेगडी, फ्रिजचा माथा, टेबलावरचा चालू लॅपटॉप या सगळ्या त्याच्या दृष्टीने एकाच कामाच्या वस्तू. त्यात नळ ठिबकत असेल तर विचारूच नका. खाली वाडग्यात पाणी भरलेलं असतानाही थेंब जिभेवर झेलण्यात काय गंमत आहे, ते मांजरच जाणे.

आमच्या बोक्याची उडी बघण्यासारखी असते. आधी तो ओट्याखाली बसून मान वर करतो. वर काय काय मांडलंय ते खालून दिसत नाही, तरी अंदाज घेतो. मागचा भाग जरासा हलतो, पुढचे पाय जवळ येतात, आणि पुढच्या क्षणी तो वर असतो. चार भांडी, एक बाटली, सुरी, उघडा डबा, या सगळ्यांच्या मधल्या वीतभर जागेत चारही पाय टेकलेले, आणि आवाज शून्य. ज्याला एवढं अचूक उतरता येतं, त्याच्याच पंजाने संध्याकाळी टेबलावरचं पेन कडेला सरकत सरकत खाली पडतं. तेव्हा 'चुकून लागलं' यावर माझा विश्वास नाही. पडलेल्या पेनाकडे तो बघतही नाही. माझ्याकडे बघतो.

कुत्र्याचं तंत्र वेगळं. त्याला वर बसण्यात काही रस नसतो, त्याचा सगळा जीव वर ठेवलेल्या वस्तूत. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार २० कोटींच्याही पुढे. अशा नाकाला ओट्याच्या कडेवर काय ठेवलंय ते दिसावं लागत नाही. पुढचे दोन पाय कडेवर, मान तिरकी, आणि नाक कडेकडेने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरतं. उंच जातीच्या कुत्र्याला तर पायही उचलावे लागत नाहीत, हनुवटी आपसूकच ओट्यावर टेकते.

मग उपाय सुरू होतात. पहिला उपाय पाण्याच्या फवाऱ्याचा. मांजर वर चढलं की तोंडावर फवारा मारायचा. मांजर टुणकन खाली येतं आणि माणूस खूश होतो. पण मांजराने हिशेब मांडलेला असतो तो असा: ओटा चांगला आहे, फवारा वाईट आहे, आणि फवारा नेहमी या बाईच्या हातात असतो. म्हणजे काळजी घ्यायची ती बाईची, ओट्याची नव्हे. ती बाहेर गेली, झोपली, दुसऱ्या खोलीत फोनवर बोलत बसली, की ओटा पुन्हा पहिल्यासारखाच चांगला. वर त्या बाईशी संबंध बिघडले ते वेगळंच. पकडून ओरडणं, मारणं यांचंही तेच. आणि शिक्षा कृतीनंतर दोनेक सेकंदांत झाली नाही, तर जनावराला ती कशाबद्दल झाली हेच कळत नाही. घरी येऊन रिकामा डबा दाखवत कुत्र्याला रागावलं की तो कान पाडतो, नजर चुकवतो. आपण म्हणतो, बघा, चूक कळलीय त्याला. त्याला कळलेला असतो फक्त आपला चढलेला आवाज.

मांजर शिकतच नाही, असं म्हणणाऱ्यांनी एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग आठवावेत. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत त्याने भुकेल्या मांजरांना लाकडी खोक्यात ठेवलं होतं. बाहेर खाणं, आत एक दोरी किंवा कळ. पहिल्यांदा मांजर ओरबाडतं, चावतं, धडपडतं आणि त्या गडबडीत कधीतरी कळ दाबली जाते. पुढच्या खेपांना वेळ कमी कमी होत जातो, आणि शेवटी आत ठेवल्या ठेवल्या मांजर कळ दाबून बाहेर. ज्यातून फायदा होतो ते मांजर पक्कं धरतं, एवढाच त्याचा मथितार्थ. ओट्यावर रोज फायदा होत असेल, तर तेही ते पक्कंच धरणार.

आणि फायदा कोण करून देतं? आमच्या घरात याची चौकशी झाली.

"आजी, तू याला ओट्यावर काही देतेस का?"

"मी? छे गं! ओट्यावर नाही देत. ओट्यावरून देते."

हा भेद बोक्यापर्यंत पोचलेला नव्हता. घरात चार माणसं असली की नियमही चार असतात. एक हाकलतो, एक दुर्लक्ष करतो, एक 'राहू दे रे, बसलंय बिचारं' म्हणतो, आणि एकजण गुपचूप तुकडा सरकवतो. यात सगळ्यात घातक कोण, तर कधीमधी देणारा. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कबुतरं आणि उंदरांवर हे दाखवून दिलं आहे: दरवेळी बक्षीस मिळत असेल तर ते बंद झाल्यावर प्राणी लवकर नाद सोडतो, पण कधी मिळतं, कधी नाही, असं असेल तर रिकाम्या हाताने कितीही वेळा परतला तरी प्रयत्न सोडत नाही. जुगारी टेबलावरून उठत नाही ते याच कारणाने. म्हणजे आजीचा आठवड्यातून एकदाचा तुकडा रोजच्या तुकड्यापेक्षा भारी पडतो. हे मी आजीला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग रोज देते."

उपाय आहे, पण त्याला ओरडाआरडा लागत नाही. 'इथे नको' म्हणायचं तर 'मग कुठे' याचं उत्तर आधी तयार हवं. ओट्याच्या जवळच, ओट्याहून उंच, एखादा स्टूल किंवा फळी द्यायची आणि खाऊ, लाड, कौतुक सगळं तिथेच करायचं. खिडकीजवळ असेल तर दुधात साखर. कुत्र्यासाठी स्वयंपाकघराच्या दाराशी चटई. तो चटईवर बसला असताना खाऊ चटईवरच मिळायला हवा, ओट्यावरून फेकलेला नव्हे. ओट्याच्या कडेला काही दिवस दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली तर मांजराला तिचा स्पर्श आवडत नाही. यात मेख अशी की ती पट्टी आपण घरात नसतानाही आपलं काम करते. वासाने पळवायचं म्हणून ओट्यावर लिंबूवर्गीय सुगंधी तेलं मात्र शिंपडू नयेत. अशी बरीच तेलं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत आणि ती त्याला विषारी ठरतात.

सगळ्यात खात्रीचा उपाय कंटाळवाणा आहे: वर काही ठेवायचंच नाही. शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं, या म्हणीतसुद्धा भरवसा शिंक्यावर आहे. बोक्याला शहाणा करण्याचा विचार म्हण रचणाऱ्याच्या मनाला शिवलेला दिसत नाही.

हे सगळं फक्त स्वच्छतेपायी असतं तर मी एवढी मागे लागले नसते. पण कापून ठेवलेला कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी मोडतात, आणि शिजवल्याने किंवा भुकटी केल्याने त्यांचा दोष जात नाही. कुत्र्याला चॉकलेट बाधतं, द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडावर येतात. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या पदार्थांनी त्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते. टेबलावरच्या फुलदाणीत लिली असेल तर मांजराच्या घरात ती नकोच. तिचा पराग अंगावर पडून चाटला गेला किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिवणाचं सामान टेबलावर पसरून उठणंही तसंच. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, आतच जात राहतो. आणि बोटाच्या स्पर्शाने चालू होणारी काचेची शेगडी पंजानेही चालू होते, तेव्हा तिचं कुलूप लावायची सवय घरातल्या माणसांनाच लावावी लागते.

सध्या आमच्याकडे तह झालाय. भाजी चिरताना बोका स्टुलावर बसतो, ओट्यावर पाय ठेवत नाही, फक्त मान लांब करून देखरेख करतो. आजी तुकडा स्टुलावर ठेवते, असं ती म्हणते. रात्री दिवे मालवल्यावर तहाचं काय होतं, ते कुणी बघायला जात नाही. सकाळी स्वयंपाकाला हात लावण्याआधी ओटा साबणाच्या पाण्याने पुसायचा, एवढं मात्र चौघांनीही निमूटपणे मान्य केलंय.