तारलीचे तिखट कान

मासळीचा साठा मोजायला निघालो होतो. इको साउंडरच्या, म्हणजे पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर 25 मीटर पाण्यात लालभडक गोळा उमटला. ऑक्टोबर महिना, हिरवट पाणी, किनारा नजरेच्या टप्प्यात. थवा तारलीचाच असणार. तांडेलांनी बोट थेट त्याच्यावर घातली आणि गोळा विरला. वळसा घालून परत आलो, तर तळालगत नुसती फिकट रेघ.

"मॅडम, इंजिन बंद करतो. मासळीला कान असतात," तांडेल म्हणाले.

असतातच, आणि तारलीचे तर फारच तिखट. हेरिंगच्या कुळातल्या या माशांच्या वाताशयातून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतून, केसासारख्या बारीक नळ्या डोक्यात जातात. तिथे कानाला लागून हाडाच्या डबीत हवेचा बुडबुडा असतो. आवाजाने तो थरथरला की माशाला चाहूल लागते. गंमत म्हणजे आमच्या यंत्राला मिळणारा प्रतिध्वनीही मुख्यतः वाताशयातल्या हवेचाच. घाबरून मासा डोकं खाली करून सुळकन खोल गेला, की वाताशय तिरपं होतं आणि प्रतिध्वनी क्षीण होतो. म्हणजे पडदा रिकामा दिसला तरी मासा तिथे असू शकतो. हे वाचलेलं होतं; डोळ्यांदेखत घडताना पाहिलं ते त्या दिवशी.

इंजिन बंद करून वाहत राहिलो. बऱ्याच वेळाने गोळा पुन्हा जमला, मग नमुन्यापुरतं जाळं टाकलं.

मोजपट्टीवर बहुतेक तारल्या 14 ते 16 सेंटिमीटर, आणि त्यांच्यात तेवढ्याच लांबीचे थोडे बांगडे! माझ्या मते दिवसातली सर्वांत मोलाची नोंद हीच. पोहण्याचा वेग लांबीवर ठरतो, म्हणून थव्यात जातीपेक्षा माप जुळणं महत्त्वाचं. शिवाय वेगळा दिसणारा मासा शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो.

पोटं फाडली तर आत हिरवा चिखल, म्हणजे डायटम. पावसाळी वाऱ्यांनी तळाचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि त्यावर हे एकपेशीय जीव फोफावतात. तारली कल्ल्यांच्या दाट दात्यांनी ते गाळून खाते. पावसाळ्यानंतर तिच्या अंगात तेल साठतं, ते याच खाण्यावर.

सारा डोलारा अशा एका ऋतूवर उभा असल्याने तारलीचे आकडे भयंकर हेलकावतात. केरळात 2012 मध्ये सुमारे 3.9 लाख टन मिळालेली तारली 2021 मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली होती. म्हणूनच त्या पहिल्या फेरीसमोर मी "मासळी नाही" असं लिहिलं नाही. "थवा खाली दबला, प्रतिध्वनी अपुरा" असं लिहिलं आणि ती फेरी साठ्याच्या हिशेबातून वगळली.