उभ्या कामाचे पाय

उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या जरा खाली, एक हिरवट-निळी शीर वर आली आहे. नागमोडी. व्हेरिकोज व्हेन म्हणतात ती हीच. सकाळी उठल्यावर जेमतेम दिसते, दुपारचे डबे गेले की बोटाला फुगीर लागते. संध्याकाळपर्यंत पाय जड होतो, घोट्याजवळ सूज येते आणि रात्री पोटरीत गोळा येऊन झोप मोडते. माझं वय 44. नाशिकमध्ये सातपूरच्या अशोकनगरात माझं पोळी-भाजी केंद्र आहे, एमआयडीसीतल्या कामगारांना डबे जातात. पहाटे पाचला कणीक तिंबायला घेतली की दुपारी एकपर्यंत ओट्याशी उभं राहायचं, हा माझा रोजचा दिवस.

शीर दिसल्यावर मला आधी आठवला तो आईचा पाय. आई सिन्नरकडची, आयुष्यभर शेतात आणि चुलीपुढे राबलेली. तिच्या पायावरच्या शिरा आम्ही लहानपणापासून बघत आलो, आणि बाईमाणसाच्या पायाला हे होतंच असं घरात सगळे मानायचे. पुढे तिच्या घोट्याच्या वरची कातडी काळपट-तपकिरी झाली, खाज सुटायची, म्हणून इसब समजून मलमं लावली. मग तिथेच जखम झाली आणि ती वर्षभर भरली नाही. ते सगळं त्या शिरांमुळे होतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. म्हणून माझ्या पायाकडे मी वेळेत लक्ष द्यायचं ठरवलं. हे लिहायला बसले तेही उभ्याने काम करणाऱ्या सगळ्यांसाठी: पोळ्या लाटणाऱ्या, साडीच्या दुकानातल्या, शाळेतल्या, पार्लरमधल्या बायकांसाठी आणि कंपनीत मशीनपुढे पाळी काढणाऱ्या पुरुषांसाठीही. घरात आई-वडिलांना असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते. बाळंतपणं, वजन आणि वय यांचीही त्यात भर पडते.

डॉक्टरांनी मला उभं करूनच पाय पाहिला. आडवं झालं की शिरा रिकाम्या होतात आणि दुखणं लपतं. मग कलर डॉपलर सांगितली. ही एक सोनोग्राफीच असते, सुई नाही, दुखत नाही. तिथेही मॅडम म्हणाल्या, “ताई, भार डाव्या पायावर द्या, उजवा सैल सोडा.” जेल लावून त्या मांडीपासून खाली येत गेल्या आणि मध्येच पोटरी दाबून सोडायच्या. दाबल्यावर रक्त वर जाताना मशीनमधून आवाज येतो. रक्त परत खाली येऊ न देणारी शिरेतली झडप चांगली असेल तर सोडल्यावर शांतता असते. माझ्या पोटरीतल्या शिरेत सोडल्यावरही आवाज चालूच राहिला. रक्त अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं की त्या शिरेची झडप नीट मिटत नाही असं धरतात. आत खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत, गुठळी नाही, हेही त्याच तपासणीत कळलं. ते ऐकून मला खूप हायसं वाटलं.

डॉक्टरांनी जे समजावलं त्याने माझं काम बदललं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायला पोटरीचा स्नायू लागतो. आपण पाऊल टाकतो तेव्हा तो आवळतो आणि शिरा पिळून रक्त वर ढकलतो. शिरेतल्या झडपा ते रक्त परत खाली येऊ देत नाहीत. रहाटाने पाणी ओढावं तसं हे काम, पण रहाट फिरला तर! एका जागी उभं राहिलं की पोटरी आवळतच नाही, रक्ताचा सगळा भार घोट्याकडच्या शिरांवर बसतो, भिंती ताणतात, झडपांची टोकं एकमेकांना टेकेनाशी होतात. म्हणजे त्रास देतं ते हालचाल न करता उभं राहणं. तासन् तास पाय लोंबकळत ठेवून खुर्चीत बसणाऱ्यालाही तोच ताप.

उभं राहणं मला सोडता येणार नाही, पोट त्यावर आहे. पण थिजून उभं राहणं सोडता येतं. तव्यावरची पोळी फुगेपर्यंत मी टाचा उचलते आणि खाली टेकवते, एका जागी उभी राहूनच. ओट्याखाली एक लाकडी पाट ठेवलाय, त्यावर आलटून पालटून एकेक पाय ठेवते. लाटायचं काम आता उंच स्टुलावर बसून होतं आणि बसलं तरी पावलं वर-खाली हलवायची असं आम्ही सगळ्यांनीच ठरवून टाकलं आहे. भाजणारी आणि लाटणारी दर थोड्या वेळाने जागा बदलतात. डबे गेले की भिंतीशी सतरंजी टाकून, पाय छातीपेक्षा वर ठेवून पंधरा-वीस मिनिटं पडायचं. पलंगाच्या पायथ्याकडच्या पायांखाली विटा घातल्या आहेत. रात्रीचे गोळे यानेच कमी झाले असं मला वाटतं.

आता मोजे. कॉम्प्रेशन स्टॉकिंग हा साधा मोजा नाही. त्याचा दाब घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर कमी होत जातो. मला क्लास टू सांगितले, म्हणजे घोट्याशी साधारण 23 ते 32 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब. माप सकाळीच द्यायचं, पाय सुजायच्या आधी, घोट्याच्या वरच्या सर्वांत बारीक जागी आणि पोटरीच्या सर्वांत जाड जागी. अंदाजाने घेतलेला मोजा एकतर सैल पडतो नाहीतर गुडघ्याखाली करकचून बसतो, आणि करकचणारा वाईटच. मधुमेह असेल, किंवा चालताना पोटऱ्या भरून येऊन थांबावं लागत असेल, तर आधी पायाकडे जाणारं शुद्ध रक्त नीट पोचतंय का हे तपासून घ्या. तिथे अडथळा असेल तर घट्ट मोज्याने अपाय होतो.

घालायचे ते अंथरुणातच, पाय जमिनीला लावायच्या आधी. म्हणजे माझे पहाटे साडेचारला. पैंजण काढून ठेवते. जोडवी काढायला मन होत नाही, म्हणून बोटं उघडी राहणारे मोजे घेतले. पावलावर आधी एक पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची, मोजा तिच्यावरून सरकतो, मग बोटांकडून पिशवी ओढून काढायची. जोडव्यात धागा अडकत नाही. हाताला भांडी घासायचे रबरी मोजे घातले की पकड चांगली येते. रात्री काढून साध्या साबणाने हाताने धुवायचे, पिळायचे नाहीत, सावलीत वाळवायचे. म्हणून दोन जोड हवेत. साधारण सहा महिन्यांनी त्यांचा ताण जातो, तेव्हा नवे घ्यावे लागतात. वैशाखात शेगडीपुढे ते घालणं जिवावर येतं, हे खरं आहे. पण उन्हाळ्यातच शिरा जास्त फुगतात, म्हणून तेव्हा टाळायचे नाहीत.

मोज्यांनी शीर जात नाही, हे मात्र स्पष्ट समजून घ्या. जडपणा आणि सूज आटोक्यात राहते. झडप बिघडली ती बिघडली. ती शीर बंद करायला आता लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी आहे, बारीक शिरांसाठी औषधाचं इंजेक्शन आहे. बहुतेक वेळा त्याच दिवशी चालत घरी येता येतं. मी थंडीत, दिवाळीच्या ऑर्डरी आटोपल्या की लेझर करून घेणार आहे. तोवर थांबायला हरकत नाही असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं.

शेजारच्या काकू, मामी, ननंद, सगळ्यांनी मायेने उपाय सुचवले. गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवणं मी करत नाही, कारण उष्णतेने वरच्या शिरा आणखी पसरतात. फुगलेल्या शिरेवर जोरात चोळूनही घेत नाही.

काही गोष्टींत मात्र एक दिवसही थांबू नये. एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखू लागली, तर खोल शिरेत गुठळी असू शकते. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत जा. शिरेवर लाल, कडक, दुखरी दोरी लागली तरी दाखवा. आणि शीर फुटून रक्त वाहू लागलं तर घाबरून उभं राहू नका. आडवं व्हा, पाय वर धरा, स्वच्छ फडकं दाबून ठेवा आणि कुणाला तरी दवाखान्यात न्यायला सांगा. उभं राहिल्याने रक्त जोरात येतं.

माझी सगळ्यात मोठी धास्ती होती ती श्रावणातल्या ब्रह्मगिरीच्या फेरीची. तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला जाणं आमच्या घरात चुकत नाही आणि लहान फेरीही वीस किलोमीटरच्या आसपास भरते. डॉक्टर म्हणाले, “चालणं बंद नाही करायचं, ताई. चालणं हेच औषध. मोजे घाला, वाटेत एका जागी फार वेळ उभ्या राहू नका.” तयारी म्हणून रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढते, सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत.

आमच्या मावशी, ज्या माझ्याकडे पहिल्यापासून भाकरी थापतात, त्यांच्या डाव्या घोट्याच्या वर तसाच तपकिरी डाग आहे. आईच्या पायावर होता तसा. “काय होतंय त्याला, म्हातारपण आहे ते,” असं त्या म्हणतात आणि लुगडं खाली ओढून घेतात. पगार कापणार नाही, रिक्षाचं भाडं माझं, असं कबूल केल्यावर आता तयार झाल्या आहेत. गुरुवारी डबे गेले की आम्ही दोघी डॉपलरला जाणार आहोत.