हात त्यांचाच होता

मोबाईल पेमेंटच्या फ्रॉड टीममध्ये मी चार वर्षं आहे आणि काम सांगायला लागले की लोक आधी विचारतात, म्हणजे ओटीपी का? ओटीपी नाही हो. तुम्ही फोन कसा धरता, अंगठ्याने टाइप करता की बोटाने, एका अंकावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ घेता, हे ॲक्सेलरोमीटर, जायरोस्कोप (फोनची हालचाल आणि कल मोजणारे सेन्सर) आणि टचस्क्रीन मिळून सांगतात, आणि त्यावरून तुमच्या सवयी शिकलेलं आमचं मॉडेल, म्हणजे प्रोग्राम, ठरवतं की पेमेंट करणारा हात नेहमीचाच आहे की दुसऱ्या कुणाचा. पिन चोरता येतो, हात नाही, असं आमच्या प्रेझेंटेशनमध्ये असतं. मीही ऐटीत म्हणायचे.

सोमवारी तिकीट, म्हणजे ग्राहकाची तक्रार, आलं. खातं रिकामं झालंय, ग्राहक म्हणतात फसवणूक, मॉडेलने सोडलं कसं ते बघा. सपोर्टवाल्यांचा सूर नेहमीचा, चूक तुमचीच असणार. उघडून बघते तर स्कोर ०.९७. एकाच्या जितका जवळ तितकी खात्री की माणूस तोच. इतका चांगला स्कोर खऱ्या माणसालाही रोज मिळत नाही.

पहिला संशय रिमोट ॲक्सेसचा. त्यात एक गंमत असते. स्क्रीनवर खरं बोट पडलं की फोन हलतोच, टेबलावर सपाट ठेवला असला तरी ९.८ च्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या आकड्याच्या, आसपास शांत चाललेली झेड अक्षाची (स्क्रीनच्या आरपार दिशेची) रेघ प्रत्येक टॅपला बारीकशी उडते. लांबून कोणी स्क्रीन चालवत असेल तर टॅप येत राहतात आणि रेघ ढिम्म, भुताने टाइप केल्यासारखी. हे पकडणारं फीचर माझं आहे आणि मला त्याचा थोडा माज आहे, खोटं कशाला बोलू. पण इथे त्याची काहीच तक्रार नव्हती. डाव्या हातात फोन, उजव्या हाताची तर्जनी, गेले आठ महिने दिसतोय तोच हात.

कच्चा डेटा आम्ही फोनबाहेर आणतच नाही. नुसत्या हालचालीवरून काय टाइप केलं ते ओळखता येतं, २०११ मध्येच संशोधकांनी आकड्यांच्या कीपॅडवरचे ७० टक्क्यांहून जास्त टॅप असे ओळखून दाखवलेत, म्हणजे आमचाच पहारेकरी उद्या चोराला मिळायचा. म्हणून सर्व्हरवर येते ती फक्त सेकंदासेकंदाची सरासरी आणि दोन टॅपमधली वेळेची अंतरं, अंक नाहीत.

ती सरासरी ओळीने लावली. गुरुत्वाकर्षण कुठल्या अक्षावर पडतंय त्यावरून फोन कसा धरलाय ते कळतं. आधी मागे कललेला, टाइप करताना असतो तसा. मग उभा, तिरका, आणि डेटा बंद. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद, स्क्रीन बंद की आमचं ॲप मुकं. दहाबारा सेकंदांनी डेटा परत सुरू, फोन वरून खाली येतोय, खाते क्रमांकाचे तीन-चार अंक. परत वर. परत तीन-चार अंक. असं सात वेळा. पलीकडून कोणीतरी अंक सांगत होतं आणि हे बिचारे टाइप करत होते.

लीडला दाखवलं. तो म्हणाला, मॉडेल बरोबर आहे, माणूस तोच होता, तिकीट बंद कर. तो फार हुशार आहे आणि अशा वेळी मला अजिबात आवडत नाही.

मग फोन वरखाली झाला की पेमेंट थांबवायचं का? समजा दहा हजार पेमेंटमध्ये एक फसवणूक आणि आपला नियम शंभरात एकदा उगाच ओरडतो, तर एका चोरामागे शंभर साधी माणसं अडवली जाणार, आणि प्रॉडक्टवाल्यांना तर एक जास्तीची स्क्रीन आली तरी घाम फुटतो. घरच्यांनाच विचारून खाते क्रमांक टाकणारे काय कमी असतात? तेही असेच वरखाली करतात.

पण मला झोपू देत नाहीये ते वेगळंच. पिनचे सहा अंक. चौथा आणि पाचवा यांच्यामध्ये २३ सेकंद. फोन कानाला नाही, खाली ठेवलेलाही नाही, हातातच आहे, जवळजवळ न हलता. आणि हे मॉडेलला दिसलंच नाही, कारण ट्रेनिंगआधी डेटा साफ करताना पाच सेकंदांवरची सगळी अंतरं उडवणारी कोडची एक ओळ आहे. वर कॉमेंट, बेल वाजते, पोरगं रडतं, सवयीशी संबंध नाही. ती ओळ माझी, कॉमेंटही माझीच.

२३ सेकंदांनंतर पाचवा अंक आला आणि सहावा त्याच्या पाठोपाठ लगेच, त्यांच्या नेहमीच्या वेगापेक्षाही झटकन.

ओळ काढून मॉडेल परत ट्रेन केलंय. उगाच ओरडणं वाढलंय, अपेक्षेपेक्षा जास्तच. गुरुवारी रिव्ह्यू आहे.